उतरत जाणारा आकडा

आमच्या हार्मोन सेक्शनमध्ये बीटा एचसीजीसाठी जी सॅम्पल येतात, त्यांतली बहुतेक एकच प्रश्न घेऊन येतात: दिवस राहिलेत का? पाळी चुकलेली असते, कार्डावरची रेघ फिकट उमटलेली असते, किंवा मूल होण्यासाठी उपचार घेणारी बाई निकालाकडे डोळे लावून बसलेली असते. तिथे आकडा मोठा आला की घरात पेढे वाटले जातात. अधूनमधून मात्र एखाद्या फॉर्मवर निवासी डॉक्टरच्या घाईच्या अक्षरात लिहिलेलं असतं, ‘द्राक्षगर्भ, सक्शन झालं, तिसरा आठवडा’. तो फॉर्म मी बाजूला काढते. इथे आकडा उतरायला हवा असतो, आणि तो कसा उतरतो यावर एका बाईचं पुढचं वर्ष ठरणार असतं.

द्राक्षगर्भात वार तयार करणाऱ्या पेशी बेबंद वाढतात. वारेचे तंतू पाणी धरून फुगतात आणि द्राक्षांच्या घडासारखे दिसू लागतात. पूर्ण प्रकारात गर्भ नसतोच. अपूर्ण प्रकारात असतो, पण जगण्याजोगा नसतो. या पेशींचा एक धर्म मात्र कायम राहतो: त्या एचसीजी तयार करतात. पेशी जितक्या जास्त, तितकं रक्तातलं हार्मोन जास्त. सक्शनने पिशवी रिकामी केल्यावर मागे उरलेल्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीत शिरल्या किंवा फुप्फुसात जाऊन बसल्या, तरी त्यांची खबर दंडातून काढलेल्या रक्तात मिळते. पूर्ण द्राक्षगर्भानंतर शंभरातल्या पंधरा ते वीस जणींमध्ये हा आजार रेंगाळतो आणि त्यांना औषधं द्यावी लागतात. त्या कोण, हे पहिल्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही. ते दर आठवड्याचं सॅम्पल सांगतं.

म्हणूनच मला वाटतं की या आजारात सुटा आकडा जवळजवळ मुका असतो. ४२० हा आकडा चांगला की वाईट? गेल्या आठवड्यात ३,१०० असेल तर उत्तम. गेल्या आठवड्यात ४१० आणि त्याआधी ४०५ असेल तर वॉर्डात फोन करायला हवा. आकडा काढून तो छापला की आपलं काम संपलं, असं लॅबमध्ये मानलं जातं. माझ्या मते या रुग्णांच्या बाबतीत तिथे काम सुरू होतं.

आधी निदानाबद्दल. एक बाई चार महिन्यांची पाळी चुकलेली, रक्तस्राव होतोय, उलट्यांनी बेजार, अशी दाखल झाली. गावाकडे लघवीची तपासणी झाली होती आणि कार्ड निगेटिव्ह होतं, म्हणून बाकीच्या कारणांचा शोध चालला होता. आमच्याकडे सोनोग्राफीत गर्भाशयभर हिमवादळासारखी ठिपकेदार प्रतिमा दिसली आणि रक्त लॅबमध्ये आलं. मशिनने मोजणीच्या कमाल मर्यादेबाहेर असल्याचा इशारा दिला. शंभर पट डायल्यूशन करून लावलं तेव्हा आकडा आठ लाखांच्या पुढे गेला. आठ लाख आणि कार्ड निगेटिव्ह! आमच्या नवीन तंत्रज्ञ मुलीला वाटलं सॅम्पल बदललं. मी तिला त्याच बाईची ताजी लघवी मागवायला सांगितली. ती तशीच कार्डावर टाकली, रेघ नाही. मग सलाइनमध्ये शंभर पट पातळ करून टाकली, आणि ठसठशीत रेघ उमटली.

या तपासणीत दोन अँटिबॉडी असतात. एक पृष्ठभागाला चिकटवलेली, दुसरी रंग किंवा प्रकाश देणारी. दोघींनी मिळून एचसीजीचा एकच रेणू धरला तरच खूण उमटते. हार्मोनचा महापूर आला की पहिलीला तिचा रेणू मिळतो, दुसरीला तिचा वेगळा मिळतो, दोघींची जोडी जुळतच नाही. त्यामुळे अतोनात असलेलं हार्मोन ‘नाही’ म्हणून दिसतं. याला हुक इफेक्ट म्हणतात. नेहमीच्या गरोदरपणात हे सहसा होत नाही. होतं ते नेमकं द्राक्षगर्भात, जिथे चुकून चालणार नाही तिथेच. गावपातळीवर काम करणाऱ्या कुणालाही मी हे आवर्जून सांगते: पाळी चुकलीय, पोट वाढलंय, उलट्या अति आहेत आणि कार्ड निगेटिव्ह आहे, तर लघवी पातळ करून पुन्हा बघा. त्याला जास्तीचा खर्च फक्त एका कार्डाचा.

त्याच बाईच्या फॉर्मवर थायरॉइडची खूण नव्हती. वॉर्डातल्या सिस्टरनी सॅम्पल आणताना सहज सांगितलं, “नाडी एकशेतीसच्या खाली येतच नाही, मॅडम.” उरलेल्या सीरमवर मी टीएसएच लावून घेतलं. ते जवळपास नाहीसं झालेलं होतं. एचसीजीचे दोन भाग असतात, अल्फा आणि बीटा. अल्फा हा ९२ अमिनो आम्लांचा भाग एलएच, एफएसएच आणि टीएसएच या हार्मोनांमध्येही तोच असतो. त्यामुळे एचसीजी लाखांत गेलं की ते थायरॉइडच्या ग्रंथीलाही चेतवतं. अशा बाईला त्या अवस्थेत भूल दिली तर जिवावर बेतू शकतं. भूलतज्ज्ञांना फोन गेला, आधी नाडी आटोक्यात आणणारी औषधं दिली गेली, मग सक्शन झालं. सिस्टरांच्या त्या एका वाक्याचं मोल मी कधी विसरलेले नाही.

आता उतरणीबद्दल. सक्शननंतर दर आठवड्याला रक्त घ्यायचं, आकडा ५ च्या खाली जाईपर्यंत. पूर्ण द्राक्षगर्भात त्यानंतर दर महिन्याला एकदा, सहा महिने. अपूर्ण प्रकारात एक महिन्यानंतरची आणखी एक तपासणी चोख आली की सुट्टी. आकडा पहिल्या आठवड्यांत धाडकन कोसळतो, लाखांवरून हजारांवर येतो. साध्या आलेखावर ही रेघ तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच तळाला टेकलेली दिसते आणि बघणारा निर्धास्त होतो. खरी परीक्षा तळाशी असते. म्हणून मी लॉग कागद वापरते. त्यावर एक लाख ते दहा हजार या टप्प्याला जेवढी जागा, तेवढीच शंभर ते दहा या टप्प्याला मिळते. दोनशेच्या आसपास अडलेला आकडा तिथे लगेच डोळ्यांत भरतो. हल्ली संगणक हे एका बटणावर करून देतो. मी अजून पेन्सिलीनेच ठिपका मांडते, कारण ठिपका मांडायला मागच्या ठिपक्याकडे बघावंच लागतं.

नियम जगभर ठरलेले आहेत. पहिला, सातवा, चौदावा आणि एकविसावा दिवस, अशा चार मोजण्यांमध्ये आकडा दहा टक्क्यांच्या आत-बाहेर अडून राहिला, किंवा दोन आठवड्यांतल्या तीन मोजण्यांमध्ये दहा टक्क्यांहून जास्त चढला, तर आजार रेंगाळलाय असं समजून उपचार सुरू करायचे. वाचायला हे सोपं वाटतं. पण दहा टक्क्यांचा निर्णय द्यायचा तर आमच्या मशिनची स्वतःची डळमळ किती, हे आधी ठाऊक हवं. एकच सॅम्पल लागोपाठ दोनदा लावलं तरी आकडे तंतोतंत सारखे येत नाहीत. ही डळमळ पाच-सहा टक्क्यांची असेल, तर केवळ मोजणीच्या खेळातून दोन आकड्यांमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक पडू शकतो. बाई होती तशीच असते आणि कागदावर आजार वाढलेला दिसतो. त्यामुळे खालच्या पातळीचा कंट्रोल रोज लावायचा, तो मर्यादेच्या जराही बाहेर गेला तर त्या दिवशीचे हे रिपोर्ट अडवून धरायचे, आणि किटचा लॉट बदलताना फ्रीजरमध्ये जपलेली जुनी सीरम नव्या-जुन्या दोन्ही लॉटवर लावून बघायची, याबाबत मी कुणाचं ऐकत नाही. किट महाग आहेत, टेस्ट वाया जातात, असं खरेदी विभागातून ऐकावं लागतं. ऐकून घेते आणि लावते.

वेगवेगळ्या लॅबचे रिपोर्ट एकापुढे एक लावण्यातही असाच धोका आहे. एचसीजी एकाच रूपात नसतं. पूर्ण रेणू, सुटा बीटा, तुटके तुकडे, जास्त साखर चिकटलेलं रूप, असे प्रकार असतात. कुठलं किट कुठला प्रकार किती पकडतं, यात फरक पडतो. बहुतेक किट नेहमीच्या गरोदरपणासाठी घडवलेली असतात, आणि द्राक्षगर्भात याच आडवाटेच्या रूपांचं प्रमाण जास्त असतं. एका बाईचा आकडा ९० वरून १३० वर गेलेला पाहून घरचे हादरले होते. नव्वद आमच्याकडचा होता, एकशेतीस तालुक्यातल्या एका खाजगी लॅबचा. ती आमच्याकडे आली त्याच दिवशी पुन्हा रक्त घेतलं, आकडा ६१ आला. घरच्यांच्या त्या दोन रात्री मात्र कुणी परत देऊ शकलं नाही.

या सगळ्याच्या मागचा इतिहास मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगते. १९५० च्या दशकापर्यंत वारेच्या पेशींचा कर्करोग पसरला की बाई गेलीच असं धरत. १९५६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत मिन चिऊ ली या चिनी डॉक्टरने रॉय हर्ट्झ यांच्यासोबत अशा एका तरुणीला मेथोट्रेक्सेट दिलं. हे औषध ज्या फॉलिक आम्लविरोधी द्रव्यांच्या कुळातलं, त्यांच्यावर भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या लेडर्ली प्रयोगशाळेतल्या चमूने काम केलं होतं. तरुणीच्या फुप्फुसातल्या गाठी विरघळल्या. एक्स-रे स्वच्छ झाला की औषध थांबवायचं, असं वरिष्ठांचं मत. ली मात्र लघवीतलं हार्मोन अजून पूर्ण गेलं नाही म्हणून औषध देत राहिले. ते हार्मोनही तेव्हा उंदरांवर मोजावं लागे. डोळ्यांना आजार दिसत नाही आणि हा माणूस एका आकड्यासाठी विषारी औषध देतोय, असा ठपका येऊन त्यांना संस्था सोडावी लागली. पुढे कळलं की आकडा शून्यावर येईपर्यंत औषध मिळालेल्या बायका बऱ्या झाल्या आणि आधीच थांबवलेल्यांमध्ये आजार उलटला. १९७२ मध्ये ली आणि हर्ट्झ दोघांनाही लास्कर पुरस्कार मिळाला.

त्याच १९७२ मध्ये ज्युडिथ वैटुकाइटिस, ग्लेन ब्राउनस्टीन आणि ग्रिफ रॉस यांनी फक्त बीटा भाग ओळखणारी रक्ततपासणी प्रसिद्ध केली. त्यांना ती हवी होती ती अशाच रुग्ण बायकांसाठी, एलएचच्या गर्दीतून अगदी थोडं उरलेलं एचसीजी वेगळं काढता यावं म्हणून. घरोघरी पोचलेली गरोदरपणाची तपासणी ही त्यातूनच पुढे निघाली. आज दुकानात मिळणाऱ्या प्रत्येक कार्डामागे या आजाराच्या बायका आहेत. म्हणून सेक्शनमध्ये गर्दी असताना ‘हे चार फॉर्म नंतर बघू’ असं कुणी म्हटलं की मला सहन होत नाही. ही तपासणी आधी त्यांची आहे.

आकड्यावर आंधळा विश्वास मात्र ठेवू नये. एका बाईचं सक्शननंतर सगळं सुरळीत होतं, आणि मग आकडा तिशीत येऊन थांबला. २८, ३१, २९, ३०. सोनोग्राफी स्वच्छ, छातीचा एक्स-रे स्वच्छ. युनिटमध्ये मेथोट्रेक्सेटची तयारी सुरू झाली होती. मला तो इतका स्थिर आकडा खटकला. काही लोकांच्या रक्तात अशा अँटिबॉडी असतात, ज्या किटमधल्या दोन्ही अँटिबॉडींना एकत्र जखडतात, आणि हार्मोन नसतानाही खूण उमटते. मी सीरम दुप्पट, चौपट पातळ करून लावलं. खरं हार्मोन असतं तर आकडा निम्मा, मग पाव व्हायला हवा होता. तो वेडावाकडा आला. या अँटिबॉडी मोठ्या असतात, मूत्रपिंडातून लघवीत उतरत नाहीत. लघवीत एचसीजी सापडलं नाही. दुसऱ्या कंपनीच्या किटवर तेच सीरम ५ च्या खाली निघालं. केमो टळली. अमेरिकेत लॉरेन्स कोल यांनी २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये अशा १२ बायकांची हकिगत मांडली होती, ज्यांना नसलेल्या कर्करोगासाठी औषधं किंवा शस्त्रक्रिया भोगावी लागली. तो लेख मी आमच्या प्रत्येक निवासी डॉक्टरला वाचायला देते. पाळी जाण्याच्या वयात पिट्युटरी ग्रंथीही थोडं एचसीजी सोडते, आणि केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या मोठ्या डोसमुळे काही मशिनवर आकडा खोटाच कमी येतो. तेवढं विचारून घ्यावं.

लॅबवाल्यांना रुग्ण भेटत नाहीत असं म्हणतात. या बायका मला भेटतात, कारण त्या पुन्हा पुन्हा येतात. पहाटेच्या एसटीने निघतात, रक्त देऊन दुपारी रिपोर्ट घेतल्याशिवाय हलत नाहीत. एकदा एका मुलीबरोबर तिची सासू आली होती. खिडकीशी येऊन त्यांनी सरळ विचारलं, “लेकरूच नव्हतं म्हणता, मग दर आठवड्याला रगत कशापायी? ह्या पोरीच्याच अंगात काही खोट हाय का?” मुलगी मान खाली घालून उभी होती. मी दोघींना आत बसवलं. सांगितलं, “आत्याबाई, पूर्ण द्राक्षगर्भात आईच्या बीजातली जनुकं आलेलीच नसतात. सगळी गुणसूत्रं बापाकडून आलेली असतात, तपासून सिद्ध झालंय ते.” काजी आणि ओहामा यांनी १९७७ मध्ये हे दाखवलं, हे काही मी तिथे बोलले नाही. “म्हणजे आमच्या पोराची खोट?” त्यांनी लगेच विचारलं. “कुणाचीच नाही. बीज रुजतानाच चुकलं. पुढच्या खेपेला शंभरातल्या नव्व्याण्णव जणींना असं होत नाही. पण सहा महिने दिवस जायला नकोत, नाहीतर आकडा वाढला तर तो बाळाचा की आजाराचा, हे मला ओळखता येणार नाही.” त्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या. मग सुनेला म्हणाल्या, “गोळ्या मी देत जाईन आठवणीनं.” पाळणा लांबवायच्या गोळ्या सासूने स्वतः द्यायच्या, हे आमच्या भागात लहान काम नव्हे.

त्याच मुलीचा आकडा सहाव्या आठवड्यानंतर चढू लागला. एक्स-रे झाला, जोखमीचे गुण मांडले, सहाच्या आत आले. म्हणजे एकाच औषधाने भागणार. मेथोट्रेक्सेट एक दिवसाआड चार वेळा, मधल्या दिवशी फॉलिनिक आम्ल, मग विश्रांती, मग पुन्हा. तोंड आलं, जेवण तुटलं. आकडा मात्र प्रत्येक फेरीनंतर खाली येत होता. तो ५ च्या खाली गेला त्या दिवशी तिने खिडकीशी येऊन विचारलं, “ताई, आता संपलं ना?” संपलेलं नव्हतं. मशिनला दिसत नाहीत अशा हजारो पेशी शिल्लक राहू शकतात, म्हणून नॉर्मल झाल्यावरही आणखी दोन-तीन फेऱ्या द्याव्या लागतात. लींनी नोकरी गमावून शिकवलेला धडा तो हाच. तिने तिन्ही फेऱ्या पुऱ्या केल्या.

माझी खरी काळजी आहे ती मधेच येईनाशा होणाऱ्यांची. आजार असा की वेळेत सापडला तर जवळपास सगळ्या बऱ्या होतात, पिशवीही वाचते, पुढे मुलंही होतात. ब्रिटनमध्ये १९७३ पासून अशा प्रत्येक बाईची नोंदणी होते, सॅम्पल टपालाने ठरलेल्या केंद्रात जातं, बाईला प्रवास करावा लागत नाही. आमच्याकडे दिवाळी झाली की ऊसतोडीला बिऱ्हाडं निघतात. कोयता उचलला की पाच-सहा महिने कारखान्याच्या फडावर, आणि आमचा फॉलोअपही नेमका सहा महिन्यांचा. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, जोडीतली बाई मागे राहू शकत नाही. ‘येत नाही म्हणजे बेफिकीर आहे’ असं केसपेपरवर लिहिणं सोपं आहे आणि ते खोटं आहे.

गेल्या हंगामापासून आम्ही एक रीत लावली आहे. निघणाऱ्या बाईला एक जाड कार्ड देतो. त्यावर सक्शनची तारीख, आतापर्यंतचे सगळे आकडे, आमच्या किटचं नाव, आणि पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात तिथल्या लॅबला द्यायची चिठ्ठी. निघायच्या दिवशीचं सीरम आम्ही फ्रीजरमध्ये राखून ठेवतो. तिथला पहिला आकडा हा नवा आरंभ धरायचा, आमच्या शेवटच्या आकड्याला तो जोडायचा नाही, हे मराठीत ठळक लिहिलंय. आशाताईंच्या फोनवर रिपोर्टचा फोटो येतो, तिथून माझ्याकडे. काही फोटो इतके अंधुक असतात की दशांश चिन्ह आहे की डाग, हे विचारायला पुन्हा फोन करावा लागतो. यंदा गेलेल्यांपैकी एकीचा महिनाभर काहीच निरोप नाही. मुकादमाचा नंबर मिळाला आहे, उद्या सकाळी त्याच्याशी बोलायचं आहे.